कार्लोस राफाएल रोद्रिगेस

कार्लोस राफाएल रोद्रिगेस (२३ मे १९१३, सिएनफुएगोस – ८ डिसेंबर १९९७, हवाना) हे क्युबाचे कायदेपंडित, अर्थतज्ज्ञ, पत्रकार, मुत्सद्दी आणि राजकारणी होते. फुल्हेन्सिओ बातिस्ता यांच्या १९४०–४४ या निर्वाचित कारकिर्दीत आणि पुढे फिदेल कास्त्रो यांच्या क्रांतिकारी शासनात, अशा परस्परविरोधी दोन राजवटींत मंत्रिपद भूषविलेले ते क्युबातील अत्यंत मोजक्या नेत्यांपैकी एक होत. १९६२ ते १९६५ या काळात ते राष्ट्रीय भूसुधार संस्थेचे अध्यक्ष, १९७२ पासून उपपंतप्रधान आणि १९७६ पासून राज्य परिषद व मंत्रिपरिषद या दोहोंचे उपाध्यक्ष होते. सोव्हिएत संघाशी झालेल्या क्युबाच्या आर्थिक वाटाघाटींत दोन दशकांहून अधिक काळ त्यांचा पुढाकार होता. साखर या एकाच पिकावर जगणाऱ्या लहानशा देशाने आपला माल बलाढ्य ग्राहकाला कोणत्या अटींवर विकावा, हा प्रश्न त्यांच्या वकिलीच्या शिक्षणापासून अखेरच्या राजनैतिक कामगिरीपर्यंत सतत त्यांच्यासमोर राहिला.

== प्रारंभिक जीवन व शिक्षण ==

सिएनफुएगोस हे क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावरील बंदर १८१९ मध्ये फ्रेंच वसाहतकारांनी वसविले. भोवतालच्या उसाच्या पट्ट्यातील साखर याच बंदरातून परदेशी जात असे. रोद्रिगेस यांचा जन्म झाला तेव्हा क्युबा नावापुरता स्वतंत्र होता. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने अमेरिकेला बेटाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करण्याचा अधिकार दिला होता, तर १९०३ च्या व्यापार करारान्वये क्युबाच्या मालाला अमेरिकी बाजारात आयात शुल्कात २० टक्के सवलत मिळे. या सवलतीमुळे साखरेला हमखास ग्राहक लाभला. परंतु त्याच कारणाने दुसरे पीक अथवा दुसरा उद्योग उभा राहिला नाही. पुढील काळात क्रांतीचे अध्यक्ष झालेले ओस्वाल्दो दोर्तिकोस हेही सिएनफुएगोसचेच आणि पेशाने वकीलच होते.

हेरार्दो माचादो यांच्या हुकूमशाहीविरुद्ध १९३० पासून विद्यार्थ्यांचे जे आंदोलन उभे राहिले, त्यात रोद्रिगेस ओढले गेले. १२ ऑगस्ट १९३३ रोजी माचादो देश सोडून पळाले आणि गावोगावची जुनी प्रशासने कोसळली. त्या गोंधळाच्या दिवसांत अवघ्या २० वर्षांच्या रोद्रिगेस यांच्याकडे अल्पकाळ सिएनफुएगोसचे महापौरपद आले. पद औटघटकेचे ठरले, पण त्यानंतर ते राजकारणातून कधीच बाहेर पडले नाहीत.

हवाना विद्यापीठात त्यांनी कायदा आणि त्यासोबत राज्यशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. त्या काळच्या क्युबात अर्थशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा रुजलेली नव्हती. आर्थिक प्रश्नांचा अभ्यास बहुधा कायद्याच्या पदवीमार्गेच होई. शिकत असतानाच ते कम्युनिस्ट चळवळीत दाखल झाले आणि निकोलास गियेन या कवीसोबत 'मेदिओदिआ' या नियतकालिकाच्या संपादनात सहभागी झाले. न्यायालयात उभे राहून वकिली करण्यापेक्षा कायद्याच्या शिस्तीचा उपयोग त्यांनी लेखनात आणि वाटाघाटींत अधिक केला.

== बातिस्ता यांच्या मंत्रिमंडळात ==

कम्युनिस्ट पक्षाला १९३८ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. १९४० च्या निवडणुकीत पक्षाने बातिस्ता यांना पाठिंबा दिला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघ आणि अमेरिका एकाच बाजूला आल्यावर ही युती अधिक घट्ट झाली. पक्षनेते हुआन मारिनेयो १९४३ मध्ये बिनखात्याचे मंत्री झाले आणि १९४४ मध्ये त्यांच्या जागी रोद्रिगेस आले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम ३१ वर्षांचे होते. लॅटिन अमेरिकेत मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या कम्युनिस्टांमध्ये या दोघांची गणना होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये बातिस्ता यांची मुदत संपली आणि त्यासोबत रोद्रिगेस यांचे मंत्रिपदही संपले.

या काही महिन्यांच्या मंत्रिपदाचा उल्लेख पुढे त्यांचे विरोधक, डावे आणि उजवे दोन्ही, वारंवार करीत राहिले. येथे कालक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. १९४० चे बातिस्ता हे निवडून आलेले अध्यक्ष होते, तर १० मार्च १९५२ रोजी लष्करी उठावाने सत्ता बळकावणारे बातिस्ता हे हुकूमशहा. त्या दुसऱ्या राजवटीने पक्षावर बंदी घातली आणि रोद्रिगेस यांना भूमिगत कार्य करावे लागले. तरीही युतीचा डाग पूर्णपणे पुसला गेला नाही, आणि तो पुसावा असा फारसा प्रयत्न त्यांनीही केलेला दिसत नाही.

मधल्या काळात पक्षाने 'पार्तिदो सोसिआलिस्ता पोपुलार', म्हणजे लोकप्रिय समाजवादी पक्ष, असे नाव धारण केले. रोद्रिगेस यांनी पक्षाच्या वैचारिक नियतकालिकांतून आर्थिक विषयांवर लेखन केले. १९४३ मध्ये त्यांचे 'मार्क्सवाद आणि क्युबाचा इतिहास' या विषयावरील छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. याच सुमारास साखर कामगारांचे नेते हेसुस मेनेन्देस यांनी एक महत्त्वाची तत्त्वलढाई जिंकली होती: क्युबाला अमेरिकेकडून आयात करावा लागणारा माल महागला, तर त्या प्रमाणात साखरेचाही भाव वाढला पाहिजे आणि त्या वाढीचा वाटा कामगाराला मिळाला पाहिजे. १९४६ मध्ये मान्य झालेल्या या हमी-कलमाची आकडेमोड पक्षाचे साखरतज्ज्ञ हासिन्तो तोर्रास यांनी केली होती. मेनेन्देस यांची १९४८ मध्ये हत्या झाली. विकल्या जाणाऱ्या मालाचा भाव विकत घेतल्या जाणाऱ्या मालाच्या भावाशी बांधण्याची ही कल्पना तीस वर्षांनी मॉस्कोशी झालेल्या करारात पुन्हा दिसते.

== सिएरा माएस्त्रा ==

२६ जुलै १९५३ रोजी फिदेल कास्त्रो यांनी सांतिआगो येथील मोंकादा छावणीवर हल्ला केला, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाने या कृतीची उतावळे साहस म्हणून निर्भर्त्सना केली होती. त्यामुळे कास्त्रो यांच्या '२६ जुलै चळवळी'तील अनेकांच्या मनात कम्युनिस्टांविषयी अढी होती. एप्रिल १९५८ मधील सार्वत्रिक संप फसल्यानंतर परिस्थिती पालटली. बातिस्ताविरोधी गटांनी २० जुलै १९५८ रोजी काराकास येथे जो संयुक्त करार केला, त्यात कम्युनिस्टांना स्थान नव्हते. परंतु त्याच महिन्यात रोद्रिगेस पक्षाचे प्रतिनिधी म्हणून पूर्वेकडील डोंगरांत दाखल झाले.

ते तेथे बंदूक चालविण्यासाठी गेले नव्हते. पक्षाचा शब्द पोचवणे आणि कास्त्रो यांचा शब्द परत आणणे हे त्यांचे काम होते. गनिमांच्या दाढीधारी तळावर पंचेचाळीस वर्षांचा हा अभ्यासू गृहस्थ थोडा विजोड दिसला असला, तरी कास्त्रो यांचा विश्वास त्यांनी संपादन केला. डोंगरातून ते टोकदार हनुवटीदाढी घेऊन परतले आणि ती त्यांनी आयुष्यभर राखली. १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळून गेल्यावर पक्षाचे दैनिक 'ओय' पुन्हा उघडपणे निघू लागले आणि त्याचे संचालकपद रोद्रिगेस यांच्याकडे आले. हवाना विद्यापीठात ते राजकीय अर्थशास्त्र शिकवू लागले, तसेच जानेवारी १९६२ मध्ये जाहीर झालेल्या विद्यापीठ सुधारणेच्या आखणीतही त्यांचा वाटा होता. अर्थशास्त्राच्या स्वतंत्र शिक्षणाची घडी या सुधारणेनंतर बसली.

== राष्ट्रीय भूसुधार संस्था ==

१७ मे १९५९ च्या पहिल्या भूसुधार कायद्याने खासगी जमीनधारणेवर साधारणतः ३० काबायेरिया, म्हणजे सुमारे ४०२ हेक्टर, अशी मर्यादा घातली. कायदा राबविणारी राष्ट्रीय भूसुधार संस्था केवळ जमिनीचे वाटप करीत नव्हती. सुरुवातीच्या काळात ती जणू समांतर शासनच होती. तिचे अध्यक्षपद स्वतः कास्त्रो यांच्याकडे होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये ते रोद्रिगेस यांच्याकडे सोपविण्यात आले.

ही नेमणूक सन्मानाची असली तरी सुखाची नव्हती. अमेरिकेने १९६० मध्ये क्युबाची साखर घेणे थांबविले होते आणि त्यानंतर व्यापारबंदी लागू केली होती. बी-बियाणे, खते, यंत्रांचे सुटे भाग यांची टंचाई होती. उसावरील अवलंबित्व संपविण्याच्या उत्साहात अनेक ठिकाणी उभा ऊस मोडून अन्य पिके घेण्यात आली होती. १९६१ मध्ये ६८ लाख टन असलेले साखरेचे उत्पादन १९६२ मध्ये ४८ लाख टनांवर आणि १९६३ मध्ये ३८ लाख टनांवर घसरले. मार्च १९६२ मध्ये देशभर शिधावाटप सुरू झाले. म्हणजे रोद्रिगेस संस्थेत आले आणि महिन्याभरातच क्युबाच्या घराघरांत शिधापुस्तिका आली.

त्याच मार्च महिन्यात एक राजकीय वादळही उठले. विविध क्रांतिकारी गटांच्या विलीनीकरणासाठी स्थापन झालेल्या संघटनेत आनिबाल एस्कालांते या जुन्या कम्युनिस्ट नेत्याने मोक्याच्या जागी आपली माणसे बसविल्याचा आरोप कास्त्रो यांनी २६ मार्च रोजी जाहीरपणे केला आणि एस्कालांते यांना दूर केले. जुन्या पक्षातील अनेकांचे वजन घटले. रोद्रिगेस मात्र आपल्या स्थानी टिकून राहिले.

ऑगस्ट १९६२ मध्ये ऊस सहकारी संस्थांचे सरकारी शेतांत रूपांतर झाले. ३ ऑक्टोबर १९६३ च्या दुसऱ्या भूसुधार कायद्याने खासगी जमिनीची कमाल मर्यादा ५ काबायेरिया, म्हणजे सुमारे ६७ हेक्टर, इतकी खाली आणली. त्यामुळे सुमारे १० हजार मध्यम शेतकऱ्यांच्या जमिनी राज्याकडे गेल्या आणि शेतजमिनीचा बहुतांश हिस्सा सरकारी मालकीचा झाला. मर्यादेखालील लहान शेतकरी मात्र आपल्या जमिनीवर कायम राहिला. त्याच्या संघटनेला १९६१ पासून स्वतंत्र अस्तित्व होते. लहान शेतकऱ्याला सक्तीने सामूहिक शेतीत ओढू नये, ही भूमिका रोद्रिगेस यांनी पुढेही आपल्या लेखनातून मांडली. मध्यम शेतकऱ्याबाबत तशी सबुरी दाखविली गेली नाही, हेही तितकेच खरे.

== 'महाचर्चा' आणि चे गेवारा ==

१९६३ ते १९६५ या काळात क्युबात समाजवादी अर्थव्यवस्थेच्या चालकशक्तीविषयी जो जाहीर वाद झाला, तो इतिहासात 'महाचर्चा' म्हणून ओळखला जातो. उद्योगमंत्री एर्नेस्तो चे गेवारा यांच्या मते राज्याच्या मालकीचे सर्व कारखाने एकाच मोठ्या उद्योगाच्या शाखा होत. त्यांच्यात मालाची देवघेव ही खरेदी-विक्री नसून केवळ स्थलांतर होय, आणि सर्व खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून भागवावा. कामगाराला पैशाच्या आमिषापेक्षा नैतिक प्रेरणेने कामाला लावावे, यावर त्यांचा भर होता. दुसरी पद्धत 'आर्थिक हिशेबा'ची होती. तिच्यात प्रत्येक उत्पादन घटकाने आपला जमाखर्च स्वतः सांभाळायचा, बँकेकडून कर्ज घ्यायचे, ते फेडायचे आणि कामगिरीनुसार मोबदला द्यायचा. भूसुधार संस्थेत आणि विदेश व्यापार मंत्रालयात ही दुसरी पद्धत प्रचलित होती. शार्ल बेतलाइम आणि एर्नेस्ट मांडेल हे युरोपीय मार्क्सवादीही या वादात उतरले.

रोद्रिगेस यांनी या वादात लेखांचा भडिमार केला नाही. त्यांचे मत त्यांच्या संस्थेच्या कारभारातून दिसत होते. शेतीत पाऊस, जमीन आणि माणसाची सवय यांना अंदाजपत्रक समजत नाही, असा साधारणतः त्या पद्धतीच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. हा वाद कोणत्याही बाजूच्या निर्णायक विजयाविना विरला. फेब्रुवारी १९६५ मध्ये कास्त्रो यांनी भूसुधार संस्था पुन्हा स्वतःकडे घेतली, तर गेवारा त्याच वर्षी क्युबा सोडून काँगोला गेले. पुढे १९८८ मध्ये रोद्रिगेस यांनी गेवारा यांच्या आर्थिक विचारांच्या योगदानावर विस्तृत लेख लिहिला. मतभेद न लपवता प्रतिपक्षाचे म्हणणे आदराने मांडणारा हा लेख त्या वादाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो.

ऑक्टोबर १९६५ मध्ये क्युबाच्या कम्युनिस्ट पक्षाची पहिली मध्यवर्ती समिती जाहीर झाली. रोद्रिगेस यांना सहा जणांच्या सचिवालयात स्थान मिळाले, परंतु पॉलिट ब्यूरोत मिळाले नाही. जुन्या पक्षाच्या माणसाला राज्यकारभारात घ्यायचे, पण सत्तेच्या गाभ्यापासून थोडे दूर ठेवायचे, असा या रचनेचा अर्थ लावला जातो. जानेवारी १९६८ मध्ये एस्कालांते आणि त्यांचे साथीदार 'सूक्ष्मगट' म्हणून पुन्हा आरोपी झाले व एस्कालांते यांना १५ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा आपल्याच जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध मध्यवर्ती समितीत बोलणाऱ्यांमध्ये रोद्रिगेस होते. त्यांच्या कारकिर्दीतील हा प्रसंग चरित्रकारांना अवघड वाटत आला आहे.

== साखरेचा भाव: मॉस्कोशी वाटाघाटी ==

क्युबा आणि सोव्हिएत संघ यांच्यातील पहिला मोठा व्यापार करार फेब्रुवारी १९६० मध्ये आनास्तास मिकोयान यांच्या हवाना भेटीत झाला. त्यानुसार सोव्हिएत संघ १९६० मध्ये ४ लाख २५ हजार टन आणि नंतरची चार वर्षे प्रतिवर्षी १० लाख टन साखर घेणार होता, आणि १० कोटी डॉलरचे कर्ज देणार होता. साखरेच्या किमतीपैकी केवळ २० टक्के रक्कम डॉलरमध्ये व उरलेली मालाच्या रूपाने मिळायची होती. डॉलरऐवजी माल, ही अट पुढील तीस वर्षे या संबंधांच्या मुळाशी राहिली.

ऑक्टोबर १९६२ च्या क्षेपणास्त्र संकटात निकिता ख्रुश्चेव्ह यांनी क्युबाला न विचारता क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे मान्य केले. संतापलेल्या क्युबन नेत्यांची समजूत काढण्यासाठी मिकोयान नोव्हेंबरमध्ये हवानात आले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेल्या मोजक्या नेत्यांत रोद्रिगेस होते. डिसेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले आणि ख्रुश्चेव्ह यांना भेटले. मने दुखावलेली असतानाही धान्य, तेल आणि यंत्रे यांचा पुरवठा चालू ठेवणे भाग होते.

जानेवारी १९६४ मधील करारात १९६५ ते १९७० साठी साखरेचा भाव पौंडामागे ६.११ सेंट ठरला आणि खरेदीचे प्रमाण २१ लाख टनांवरून ५० लाख टनांपर्यंत चढत जाणार होते. काही वर्षांतच जागतिक बाजारात साखर पौंडामागे २ सेंटच्याही खाली उतरली. हमीभावाचे मोल तेव्हा कळले. मात्र इतकी साखर पिकवायची कशी, या प्रश्नातूनच १९७० मध्ये १ कोटी टनांचा गळीत हंगाम गाठण्याची महत्त्वाकांक्षी मोहीम उभी राहिली. कार्यालये, शाळा, लष्कर सारे ऊसतोडणीला लागले. उत्पादन सुमारे ८५ लाख टनांवर थांबले. हा क्युबाच्या इतिहासातील विक्रम होता, पण त्यापायी बाकीची अर्थव्यवस्था विस्कटली.

या अपयशानंतर रोद्रिगेस यांचे खरे दिवस आले. १९६८ पर्यंत हवाना आणि मॉस्को यांच्यात बराच दुरावा होता. जून १९६९ मध्ये मॉस्कोत भरलेल्या कम्युनिस्ट पक्षांच्या जागतिक परिषदेला क्युबाने रोद्रिगेस यांना केवळ निरीक्षक म्हणून पाठविले होते. डिसेंबर १९७० मध्ये मात्र दोन्ही देशांचा आर्थिक, वैज्ञानिक व तांत्रिक सहकार्यासाठीचा आंतरशासकीय आयोग स्थापन झाला आणि त्याच्या क्युबन बाजूचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. जुलै १९७२ मध्ये क्युबा 'कॉमेकॉन' या समाजवादी देशांच्या आर्थिक संघटनेत दाखल झाला. त्याच वर्षी मंत्रिमंडळाची पुनर्रचना होऊन रोद्रिगेस उपपंतप्रधान झाले व परराष्ट्र संबंधांचे क्षेत्र त्यांच्याकडे देण्यात आले.

२३ डिसेंबर १९७२ रोजी कास्त्रो आणि लिओनिद ब्रेझनेव्ह यांनी स्वाक्षरी केलेल्या करारांनी क्युबाची जुनी कर्जे १९८६ पर्यंत पुढे ढकलली. ती त्यानंतर २५ वर्षांत बिनव्याजी फेडायची होती. साखरेचा भाव पौंडामागे ११ सेंट आणि निकेलचा टनामागे ५,००० डॉलर ठरला. लवकरच जागतिक बाजारात साखर अनपेक्षितपणे कडाडली. नोव्हेंबर १९७४ मध्ये तिने पौंडामागे ६५ सेंटच्या आसपास मजल मारली. क्युबाने पुन्हा वाटाघाटी केल्या. भाव प्रथम सुमारे २० आणि मग सुमारे ३० सेंटवर गेला, आणि १९७६ पासून तो सोव्हिएत तेल व अन्य निर्यात मालाच्या किमतींशी निर्देशांकाने जोडला गेला. ते महागले की साखरही महागणार होती.

विकसित व अविकसित देशांतील व्यापारात दुर्बळ पक्षाची होणारी लूट, म्हणजे ज्याला 'विषम विनिमय' म्हणतात तो, थांबविण्याचा हा नमुना आहे, असे क्युबा आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर सांगत असे आणि रोद्रिगेस हे या भूमिकेचे प्रमुख भाष्यकार होते. टीकाकारांचा आक्षेपही वजनदार आहे. भाव चांगला असला तरी तो हस्तांतरणीय चलनात नव्हता. त्या पैशाने घ्यायची यंत्रे सोव्हिएतच असत आणि त्यांची किंमत व दर्जा विक्रेताच ठरवी. हमीभावामुळे ऊस सोडण्याचे कारणही उरले नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तर सोव्हिएत तेलातील बचत परदेशी विकून मिळणारे परकीय चलन साखरेच्या निर्यातीतून मिळणाऱ्या परकीय चलनाहून अधिक होऊ लागले. ज्या देशात तेल नगण्य, त्या देशाची मुख्य डॉलर-मिळकत तेल, अशी ही विचित्र अवस्था होती.

== राजनैतिक कार्य ==

जुलै १९७३ च्या अखेरीस कास्त्रो यांनी रोद्रिगेस आणि गुप्तवार्ता विभागाचे मानुएल पिन्येरो यांना सांतिआगो दे चिली येथे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्याकडे पाठविले. अलिप्त राष्ट्रांच्या आगामी अल्जीअर्स परिषदेची चर्चा हे वरकरणी कारण होते. त्यांच्याजवळ कास्त्रो यांचे २९ जुलैचे पत्र होते आणि चिलीतील परिस्थिती प्रत्यक्ष जाणून घेऊन मदत देऊ करणे हा भेटीचा खरा हेतू होता. सहा आठवड्यांनी, ११ सप्टेंबर रोजी, लष्करी उठावात आयेंदे यांचा अंत झाला.

डिसेंबर १९७५ च्या पहिल्या पक्ष काँग्रेसमध्ये रोद्रिगेस यांना अखेर पॉलिट ब्यूरोत प्रवेश मिळाला. १९७६ च्या नव्या राज्यघटनेनंतर ते राज्य परिषदेचे व मंत्रिपरिषदेचे उपाध्यक्ष झाले. सप्टेंबर १९७९ मध्ये हवाना येथील शिखर परिषदेत अलिप्त राष्ट्र चळवळीचे अध्यक्षपद क्युबाकडे आले आणि तीनच महिन्यांत सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. अलिप्त राष्ट्रांचा अध्यक्ष असलेल्या देशाने एका अलिप्त राष्ट्रावरील आक्रमणाबाबत काय म्हणावे, हा पेच होता. १४ जानेवारी १९८० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत परकी सैन्य माघारीची मागणी करणारा ठराव १०४ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला. क्युबाने विरोधात मत दिले, भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेतील जागेसाठी कोलंबियाशी चाललेली क्युबाची दीर्घ चुरसही त्याच महिन्यात निष्फळ ठरली व ती जागा मेक्सिकोला गेली. सोव्हिएत मैत्रीची किंमत केवळ साखरेत मोजली जात नव्हती. मार्च १९८३ मध्ये नवी दिल्लीत कास्त्रो यांनी चळवळीचे अध्यक्षपद इंदिरा गांधी यांच्याकडे सोपविले.

रोद्रिगेस यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली राजनैतिक कामगिरी म्हणजे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांच्याशी झालेली गुप्त भेट. रोनाल्ड रेगन यांचे शासन तेव्हा मध्य अमेरिकेतील बंडांचे मूळ क्युबात असल्याचे सांगत होते आणि बेटाची नाकेबंदी करण्याची भाषा उघडपणे होत होती. मेक्सिकोचे अध्यक्ष होसे लोपेस पोर्तियो यांच्या मध्यस्थीने २३ नोव्हेंबर १९८१ रोजी मेक्सिको सिटीत परराष्ट्रमंत्री होर्हे कास्तान्येदा यांच्या निवासस्थानी दोघे भेटले. एल साल्वादोर व निकाराग्वा यांविषयीचे अमेरिकी आरोप आणि आफ्रिकेतील क्युबन सैन्य हे मुख्य विषय होते. दोन्ही बाजूंनी आपापली भूमिका सोडली नाही. क्युबाला संघर्ष नको आहे, पण धमकीने तो झुकणारही नाही, हे रोद्रिगेस यांच्या बोलण्याचे सूत्र होते. मार्च १९८२ मध्ये रेगन यांचे दूत व्हर्नन वॉल्टर्स हवानाला जाऊन आले, तेही रिकाम्या हाताने. या संभाषणाचा वृत्तान्त क्युबाने मॉस्कोला कळविला होता. शीतयुद्ध संपल्यावर सोव्हिएत दफ्तरांतून तो संशोधकांच्या हाती आला. वाटाघाटीची तपशीलवार नोंद उपलब्ध असल्याने रोद्रिगेस यांची बोलण्याची पद्धत त्यातून प्रत्यक्ष पाहता येते: आरोप मुद्द्यामुद्द्याने घेणे, तथ्याचा प्रश्न आणि तत्त्वाचा प्रश्न वेगळे करणे, आणि पुढच्या भेटीचे दार बंद न करणे.

== अखेरची वर्षे ==

१९८० च्या दशकात क्युबाची पाश्चात्त्य देशांची कर्जे थकली. १९८२ मध्ये फेररचनेची मागणी करावी लागली आणि १९८६ मध्ये परतफेड थांबली. त्याच वर्षी कास्त्रो यांनी 'दुरुस्ती' मोहीम सुरू करून १९७० च्या दशकात सोव्हिएत धर्तीवर आणलेली नियोजन व प्रोत्साहनाची पद्धत मोडीत काढली आणि गेवारा यांच्या विचारांचे स्मरण पुन्हा सुरू झाले. रोद्रिगेस यांचा वर उल्लेखिलेला १९८८ चा लेख या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

या दशकाच्या अखेरीस क्युबाचा सुमारे ८५ टक्के परदेशी व्यापार कॉमेकॉन देशांशी होता. जून १९९१ मध्ये ही संघटना विसर्जित झाली, डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघच उरला नाही, आणि निर्देशांकाने बांधलेला साखरेचा भाव एका फटक्यात संपला. 'विशेष काळ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टंचाईत १९८९ ते १९९३ दरम्यान देशाचे एकूण उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घटले. रोद्रिगेस तेव्हा ऐंशीच्या घरात होते आणि कंपवाताने ग्रासले होते. आर्थिक सुधारणांची सूत्रे कार्लोस लाखे यांच्यासारख्या तरुण पिढीकडे गेली. ८ डिसेंबर १९९७ रोजी हवाना येथे रोद्रिगेस यांचे निधन झाले.

== लेखन ==

रोद्रिगेस यांचे क्रांतीच्या प्रारंभीच्या वर्षांवरील 'समाजवादाकडे संक्रमणातील क्युबा, १९५९–१९६३' हे पुस्तक १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. वर्गरचना, भूसुधार आणि राष्ट्रीयीकरण यांचा क्रम ते त्यात कायदेपंडिताच्या काटेकोरपणे लावतात. स्वतः घेतलेल्या निर्णयांबद्दल मात्र ते फारच थोडे बोलतात. त्यांचे निवडक लेख व भाषणे 'लेत्रा कोन फिलो' ('धारदार अक्षर') या शीर्षकाने १९८३ पासून तीन खंडांत संकलित झाली. सिएनफुएगोस येथील विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.